धुळीची दप्तरनोंद : प्रस्तावना

क्वेबेक प्रांतातील ज्या गावाने शतकाहून अधिक काळ ॲस्बेस्टॉस हेच नाव मिरविले, त्या गावच्या रहिवाशांनी २०२० साली मतदान घेऊन ते टाकून दिले आणि व्हाल-दे-सूर्स असे नवे नाव धारण केले, तेव्हा एका खनिजाचा हिशेब अखेर चुकता झाला असे पुष्कळांस वाटले असेल. अतिसूक्ष्म द्रव्यांच्या, म्हणजे ज्यांस आज सर्वत्र नॅनो-द्रव्ये म्हणतात त्यांच्या, संशोधनातील सुरक्षितता आणि धोके हा ज्या पुस्तकाचा विषय आहे, त्याची प्रस्तावना त्या गावच्या बंद पडलेल्या खाणीच्या काठावरून आरंभिण्यास कारण आहे. हा हिशेब चुकता झालेला नाही. तो नव्या खात्यावर ओढला गेला आहे, आणि ते खाते ज्या देशांत प्रथम उघडले गेले त्यांत कॅनडाची गणना करावी लागते.

फेब्रुवारी १९४९ मध्ये या गावच्या आणि जवळच्या थेटफर्ड माइन्सच्या सुमारे पाच हजार कामगारांनी संप पुकारला, त्या वेळी पगारवाढीच्या जोडीने त्यांनी अशीही मागणी केली होती की, गिरणीतील धूळ काढून टाकण्याची काही व्यवस्था व्हावी. त्या धुळीने फुफ्फुसे निबर होतात ही गोष्ट तेव्हाच्या वैद्यकास अज्ञात नव्हती. अज्ञात होते ते एवढेच की, हे ज्ञान कोणाच्या दप्तरी नोंदवावयाचे आणि त्यावर हुकूम कोणी काढावयाचा. कॅनडाने ॲस्बेस्टॉसवर घातलेली मनाई अमलात आली ती ३० डिसेंबर २०१८ रोजी, म्हणजे संपानंतर एकोणसत्तर वर्षांनी. आणि या कालावधीच्या उत्तरार्धात तर अशी विपरीत अवस्था होती की, स्वदेशातील इमारतींतून ते खनिज खरवडून काढण्याचे काम एकीकडे चालले असता दुसरीकडे त्याचीच जहाजे भरून हिंदुस्थानासारख्या देशांकडे बिनदिक्कत रवानगी होत होती, आणि २०११ साली रॉटरडॅम कराराच्या बैठकीत क्रायसोटाइल जातीच्या ॲस्बेस्टॉसचे नाव घातक द्रव्यांच्या यादीत घालण्यास खुद्द कॅनडाच्या प्रतिनिधींनी हरकत घेतली होती. आपल्याकडे चाळींवर, गोठ्यांवर आणि कारखान्यांवर जे सिमेंटचे पत्रे चढले, ते ज्या तंतूंनी घट्ट धरून ठेवले आहेत त्यांच्या मोठ्या पुरवठादारांपैकी हा देश एक होता, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवलेले बरे. कॅनडाचा हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही.

या इतिहासाचा आणि नव्या सूक्ष्मद्रव्यांचा संबंध केवळ दृष्टांतापुरता असता, तर मी त्यावर इतकी शाई खर्च केली नसती. २००८ साली एडिंबरो येथील संशोधकांच्या पुढाकाराने उंदरांच्या उदरपोकळीत कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिका सोडून पाहण्यात आल्या, तेव्हा लांब, ताठ आणि टिकाऊ नलिकांनी तेथे ॲस्बेस्टॉसच्या लांब तंतूंसारखाच दाह उत्पन्न केला. आखूड आणि गुंतलेल्या नलिकांनी तो केला नाही. पुढे २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने या नलिकांपैकी एका विशिष्ट जातीस, मनुष्यात कर्करोग उत्पन्न करण्याचा संभव असलेल्या द्रव्यांच्या वर्गात घातले आणि उरलेल्या जातींविषयी पुरावा अपुरा म्हणून त्यांचे वर्गीकरण करण्याचे नाकारले. एका जातीचा निकाल लागला, बाकीच्या तहकूब राहिल्या. या शास्त्राची सांप्रतची अवस्था याहून नेमकेपणाने सांगता येणे कठीण आहे.

आता ज्यांस या विषयाचा मुळीच परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे मूलभूत विवेचन आवश्यक आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. मनुष्याचा केस साधारणपणे ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०११ साली जी कामचलाऊ व्याख्या स्वीकारली तिच्यानुसार, ज्या द्रव्याची एक तरी बाह्य मिती, अथवा अंतर्गत वा पृष्ठावरील रचना, एक ते शंभर नॅनोमीटर या मर्यादेत आहे ते नॅनो-द्रव्य होय. आणि या मर्यादेबाहेरचे असूनही जर ते त्या मापाचे गुणधर्म दाखवीत असेल, तर तेही या व्याख्येत येते. या व्याख्येचा दुसरा भाग ज्या कोणा कारकुनाने वा शास्त्रज्ञाने सुचविला असेल तो शहाणा इसम असला पाहिजे, कारण शंभराच्या आकड्यावर निसर्गाने काही कुंपण घातलेले नाही.

द्रव्य तेच असता केवळ आकारमान घटल्याने त्याचा स्वभाव का पालटावा, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग साध्या भूमितीत आहे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर भरते. तोच घन एकेक नॅनोमीटर बाजूच्या घनांत चिरीत गेले, तर त्या साऱ्या कणांचे एकत्रित पृष्ठफळ सहा हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर, होते. चिमटीत मावणाऱ्या पदार्थाने दीड एकराचा पृष्ठभाग हवेस, पाण्यास, पेशींस आणि रक्तास उघडा करून द्यावा, या एकाच गोष्टीत त्याची उपयुक्तता आणि त्याचे भय ही दोन्ही सामावलेली आहेत; उत्प्रेरक म्हणून, औषधाचा वाहक म्हणून, जंतुनाशक म्हणून तो ज्या कारणाने नामांकित ठरतो, नेमक्या त्याच कारणाने तो फुफ्फुसात गेल्यास अधिक उपद्व्याप करतो. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने २०११ साली टिटॅनियम डायऑक्साइडच्या धुळीसाठी दोन निरनिराळ्या मर्यादा सुचविल्या: बारीक धुळीसाठी दर घनमीटर हवेत २.४ मिलिग्रॅम आणि अतिसूक्ष्म धुळीसाठी केवळ ०.३ मिलिग्रॅम. रसायन एक, नाव एक, सूत्र एक, आणि मर्यादेत आठपट अंतर. विषाची मात्रा वजनाने मोजण्याची जी जुनी वहिवाट आहे, ती या ठिकाणी डळमळू लागते.

या विषयावर लोकांत जी पहिली चर्चा झाली ती मात्र या भूमितीवर झाली नाही. १९८६ साली एरिक ड्रेक्स्लर यांनी 'एंजिन्स ऑफ क्रिएशन' या ग्रंथात, आपल्याच प्रतिकृती निर्माण करीत सुटलेली सूक्ष्म यंत्रे सारी सजीव सृष्टी गिळंकृत करून तिचा राखाडी चिखल करतील, अशी एक शक्यता वर्णिली होती. सतरा वर्षांनी, २००३ साली, इंग्लंडच्या युवराजांस या विषयाची काळजी वाटते अशा बातम्या आल्या आणि वृत्तपत्रांनी त्या चिखलास पुन्हा उकळी आणली. त्याच सुमारास कॅनडातील ईटीसी ग्रुप या लहानशा संस्थेने, जिचे धुरीण पॅट मूनी यांस शेतीच्या बियाण्यांवरील कार्यासाठी १९८५ साली राइट लाइव्हलिहुड पुरस्कार मिळाला होता, अशी मागणी केली होती की, या कणांच्या हाताळणीचे सुरक्षित नियम ठरेपर्यंत त्यांचे उत्पादन स्थगित ठेवावे. मूनी यांच्या मागणीचा स्वर कित्येकांस कर्कश वाटला, आणि सरसकट स्थगिती ही मलाही अव्यवहार्य वाटते. परंतु त्यांच्या मागणीचा गाभा धुळीविषयी होता, राक्षसी यंत्रांविषयी नव्हता, ही गोष्ट त्या कोलाहलात हरवली. राखाडी चिखलाची थट्टा करणे शास्त्रज्ञांस सोपे गेले, आणि ती थट्टा करून झाल्यावर धुळीच्या प्रश्नाचे उत्तर दिल्याचे समाधानही त्यांस फुकट मिळाले. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने आणि अभियंत्यांच्या अकादमीने २००४ साली संयुक्त अहवाल काढून चिखल बाजूस सारला आणि अधिक ज्ञान होईपर्यंत मोकळे सूक्ष्मकण वातावरणात सोडण्याचे शक्य तो टाळावे अशी शिफारस केली, तेव्हा कोठे वाद जमिनीवर आला.

आपल्या वाचकांत याच्या नेमके उलट एक प्रकारचे निर्भयपण आढळते, त्याचाही येथेच परामर्श घेतो. सुवर्णभस्मात नॅनोमीटर मापाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली दिसले आहेत, ही गोष्ट खरी. परंतु एवढ्यावरून हे सारे शास्त्र आमच्या पूर्वजांच्या खलबत्त्यात सिद्ध होते आणि म्हणून निरुपद्रवी आहे, असा जो निष्कर्ष व्याख्यानांतून ऐकू येतो, त्यात दोन उड्या आहेत आणि दोन्ही फसलेल्या आहेत. कॅनडाच्या आरोग्य खात्याने २००५ साली काही आयुर्वेदीय औषधांत जड धातूंचे प्रमाण फार असल्याची जाहीर सूचना काढली होती, आणि टोरोंटो-मिसिसागाकडच्या आपल्या कुटुंबांतून ती पुष्कळांनी वाचलीही असेल. कण सूक्ष्म असणे हा गुणाचा दाखला नव्हे, तसा दोषाचाही नव्हे; तो तहकिकातीचा आरंभ आहे.

ही तहकिकात करावयाची कोणी आणि कोणत्या कायद्याखाली, येथे कॅनडाची कैफियत विशेष बोधप्रद होते. १९९९ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यान्वये देशात वापरात असलेल्या द्रव्यांची एक यादी सरकारदरबारी ठेवलेली आहे. जे द्रव्य या यादीत नाही ते नवे, आणि नवे द्रव्य बनविणाऱ्याने वा आयात करणाऱ्याने त्याची माहिती आगाऊ दिली पाहिजे. ही व्यवस्था वरवर निर्दोष दिसते. परंतु यादी नावांची आहे, आकारांची नाही. टिटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड, चांदी ही सारी मंडळी यादीत कधीचीच बसलेली. त्यांचेच दळून वा घडवून अतिसूक्ष्म रूप केले तर कायद्याच्या दृष्टीने ती जुनीच ओळखीची माणसे ठरतात आणि त्यांस दारात कोणी हटकीत नाही, उलट फुलरिनसारखा सर्वस्वी नव्या रचनेचा कार्बन मात्र नवा म्हणून अडविला जातो. आरोग्य खात्याच्या विनंतीवरून कौन्सिल ऑफ कॅनेडियन अकॅडेमीज या संस्थेने टोरोंटो विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ पेक्का सिनर्वो यांच्या अध्यक्षतेखाली एक तज्ज्ञमंडळ नेमले आणि त्याने २००८ साली 'स्मॉल इज डिफरंट' या नावाचा अहवाल सादर केला, त्यात या उणिवेकडे बोट दाखविले आहे. त्या मंडळाचे मत असे पडले की, तूर्त नवा स्वतंत्र कायदा नको, पण आहे तोच बळकट केला पाहिजे. आणि मोजण्याची साधने व नामकरणाची पद्धत यांवाचून ही बळकटी येणार नाही. निर्णय संयमी होता, आणि माझ्या मते योग्यही होता. अंमलबजावणीत मात्र संयमाचा अतिरेक झाला.

२००९ च्या आरंभी असे जाहीर झाले की, कंपन्यांनी आपल्या नॅनो-द्रव्यांची माहिती देणे सक्तीचे करणारा कॅनडा हा जगातील पहिला देश होणार. २०१० साली पीटर ज्युलियन या संसदसदस्याने अशा द्रव्यांची सार्वजनिक नोंदवही ठेवण्याची तरतूद असलेले खासगी विधेयकही मांडले, ते पुढे सरकले नाही. दरम्यान फ्रान्सने १ जानेवारी २०१३ पासून अशी नोंदणी सुरू करून टाकली आणि तिची मर्यादा ठेवली वर्षास शंभर ग्रॅम. कॅनडाचा सक्तीचा हुकूम राजपत्रात आला तो जुलै २०१५ मध्ये. त्यात २०६ द्रव्यांची यादी होती, आणि २०१४ साली ज्यांनी यांपैकी कोणतेही द्रव्य शंभर किलोग्रॅमहून अधिक बनविले वा आयात केले होते, त्यांनीच जबाब द्यावयाचा होता. शंभर ग्रॅम आणि शंभर किलोग्रॅम यांत हजारपट अंतर आहे; ज्या द्रव्याचा सारा विशेषच वजनाने न मोजण्यात आहे, त्यास शंभर किलोंच्या चाळणीने चाळणे, ही तजवीज हिशेबनिसास सोयीची खरी, पण तिच्यातून काय गळून जाते याची वार्ता दप्तरास कधीच लागत नाही.

काय गळून जाते याचा प्रत्यय सहा वर्षांनी आला. करोनाच्या साथीत क्वेबेकच्या शाळांतून आणि पाळणाघरांतून शासनाने लक्षावधी मुखपट्ट्या वाटल्या होत्या, त्यांतील निळ्या-करड्या रंगाची एक जात घातल्यावर घशात मांजराचे केस गेल्यासारखे वाटते, अशी पाळणाघरांतील शिक्षिकांची कुरकुर चालली होती. त्या मुखपट्ट्यांवर ग्राफिन या कार्बनच्या एक अणू जाडीच्या पत्र्यांचा लेप होता. २६ मार्च २०२१ रोजी क्वेबेक शासनाने त्या मागे घेण्याचा आदेश काढला. २ एप्रिल रोजी संघराज्याच्या आरोग्य खात्याने ग्राफिनयुक्त मुखपट्ट्या वापरू नयेत असे जाहीर केले. आणि १३ जुलै रोजी, तपासणीअंती, त्यांतील चार नमुन्यांतून फुफ्फुसास अपाय होईल इतके कण सुटत नाहीत असा निर्वाळा देऊन त्यांची विक्री पुन्हा खुली केली. म्हणजे धोका नव्हता, तर मग गवगवा कशाचा, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या ध्यानात एवढेच येत नाही की, जी तपासणी जुलैमध्ये झाली ती लहान मुलांच्या शिक्षिकांच्या नाकातोंडावर ते वस्त्र बांधण्यापूर्वी व्हावयास हवी होती; निष्कर्ष अनुकूल निघाला हे सुदैव होय, कारभार नव्हे. शिवाय या प्रकरणात पहिली नोंद यंत्राने केली नाही, नोंदवहीने केली नाही. ती दिवसभर मुलांत वावरणाऱ्या बायकांच्या घशाने केली. १९४९ सालच्या खाणकामगारांच्या मागणीशी या तक्रारीचे असलेले नाते मी वाचकावर सोपवितो.

परंतु कॅनडाच्या पदरात केवळ दिरंगाईचेच माप घालणे अन्यायाचे होईल, कारण या विषयात जगात अन्यत्र क्वचितच झालेले असे एक काम याच देशात झाले आहे, आणि पुढील प्रकरणांतील सर्वांत दीर्घ प्रकरण त्यालाच दिलेले आहे. ऑन्टॅरिओ प्रांताच्या वायव्य टोकास, केनोरा आणि ड्रायडन या गावांच्या दरम्यान, खडक, सूचिपर्णी झाडे आणि पाणी यांखेरीज काही नसलेल्या मुलुखात ५८ लहान सरोवरे १९६८ सालापासून प्रयोगांसाठी राखून ठेवलेली आहेत. सरोवरांस नावे नाहीत, क्रमांक आहेत. प्रयोगशाळेतील काचपात्रात जे सिद्ध होते ते निसर्गात तसेच घडेल याची शाश्वती नसते, म्हणून सबंध सरोवरच काचपात्र मानून त्यात एकच बदल करावयाचा आणि शेजारचे सरोवर तुलनेसाठी अस्पर्शित ठेवावयाचे, अशी ही धाडसी पद्धती आहे. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांचे सहकारी यांनी २२६ क्रमांकाचे सरोवर मधोमध पडदा लावून विभागले, एका अंगास नायट्रोजन व कार्बन आणि दुसऱ्या अंगास त्यांच्या जोडीने फॉस्फरस घातला, आणि फॉस्फरसचे अंग शेवाळाने हिरवेगार झाले. विमानातून टिपलेल्या त्या छायाचित्राने कपडे धुण्याच्या चूर्णांतील फॉस्फेटविषयीच्या वादात जे काम केले ते प्रबंधांच्या चळतीनेही झाले नसते.

अशा या क्षेत्राचा खर्च बंद करण्याचा निर्णय संघसरकारने २०१२ साली घेतला. त्याच वर्षीच्या जुलैत, शास्त्रज्ञांनी पांढरे अंगरखे घालून ऑटवाच्या संसदेसमोर पुराव्याची प्रेतयात्रा काढली. सभ्य, मितभाषी आणि अनुदानावर जगणाऱ्या वर्गाने रस्त्यावर उतरावे ही गोष्ट त्या देशात नित्याची नव्हे. पुढे ऑन्टॅरिओच्या प्रांतिक सरकारने हात दिला, आणि १ एप्रिल २०१४ पासून विनिपेग येथील शाश्वत विकासाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने क्षेत्राचा कारभार पत्करला. ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी योजिलेला नॅनो-चांदीचा प्रयोग याच गोंधळात अडकून पडला होता. तो त्या उन्हाळ्यात मार्गी लागला.

चांदीचीच निवड का, हे सांगितले पाहिजे. जंतू मारण्याचा चांदीचा गुण प्राचीन आहे, आणि सूक्ष्मकणांच्या रूपात तो अत्यल्प धातूत साधतो, म्हणून मोज्यांपासून जखमेच्या पट्ट्यांपर्यंत आणि धुलाईयंत्रांपासून अन्नाच्या डब्यांपर्यंत ती सर्वत्र शिरली; आणि मोजा धुतला की तीतील काही भाग गटारात जाणार हे उघड आहे. मैलापाणी शुद्ध करताना तिचा बराच अंश गंधकाशी संयोग पावून कमी उपद्रवी होतो, परंतु तलावात ती पोहोचली तर काय, हे काचपात्रावरून सांगता येत नव्हते. म्हणून २२२ क्रमांकाच्या सरोवरात, २०१४ व २०१५ या दोन वर्षी, बर्फ वितळल्यापासून पुन्हा गोठेपर्यंतच्या हंगामांत मिळून १५ किलोग्रॅम नॅनो-चांदी सोडण्यात आली. तीस ते पन्नास नॅनोमीटरची ती भुकटी कोरडी टाकली तर गोळे होऊन बसते, यास्तव ती डिंकाच्या पाण्यात वेगाने घुसळून, पातळ करून, काठावरून संथपणे पाण्यात सोडीत असत. जणू एखाद्या गावाचे सांडपाणीच तेथे येऊन मिळत आहे. पंधरा किलो म्हणजे काही फार नव्हे. पाण्यातील तिचे प्रमाण लिटरमागे मायक्रोग्रॅमांतच राहिले.

परिणाम नाट्यमय झाला नाही, आणि म्हणूनच तो समजून घेण्याजोगा आहे. मासे मरून पृष्ठावर तरंगले नाहीत. पिवळ्या पर्च जातीच्या लहान माशांत आणि त्यांस खाणाऱ्या पाइक जातीच्या मोठ्या माशांत चांदी साचत गेली, सर्वांत अधिक यकृतात. आणि तुलनेसाठी ठेवलेल्या २३९ क्रमांकाच्या सरोवरातील भाऊबंदांशी ताडून पाहता २२२ मधील पर्चची संख्या घटली, त्यांचे एकंदर खाणेही घटले. एखाद्या कोळ्याने त्या तळ्यावर गळ टाकला असता तर त्यास यंदा मासळी जरा कमी आहे, याहून अधिक काही जाणवले नसते. विषाची ही जी शांत, संख्येतूनच प्रकट होणारी जात आहे, ती ओळखण्यास वर्षानुवर्षे मासे धरणारे, मोजणारे, खुणा करून परत सोडणारे आणि बिघाडापूर्वीची आकडेवारी हाताशी असलेले दप्तर लागते. ते दप्तर या सरोवरांपाशी १९६८ पासून होते, आणि तेच मोडीत काढण्याचा घाट घातला गेला होता. सुरक्षिततेचे शास्त्र महाग असते असे जे म्हणतात त्यांस मी एवढेच सुचवीन की, त्यांनी या क्षेत्राच्या खर्चाची तुलना ॲस्बेस्टॉस उपटून काढण्याच्या खर्चाशी करावी.

नव्या द्रव्याचा जन्म आणि त्याची परीक्षा ही एकाच वेळी होऊ शकतात, याचेही एक उदाहरण क्वेबेकमध्येच आहे. लाकडाच्या लगद्यातून मिळणाऱ्या सेल्युलोजच्या सूक्ष्म स्फटिकांवर मॅक्गिल विद्यापीठातील डेरेक ग्रे आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात मूलगामी काम केले. २०१२ साली विंडसर या गावी त्या स्फटिकांचा दिवसास एक टन उत्पादनाच्या क्षमतेचा कारखाना उघडला, तत्पूर्वीच जलचरांवरील त्यांच्या परिणामांच्या कसोट्या होऊन प्रसिद्धही झाल्या होत्या. हे शक्य असते, एवढे सांगून पुढे जातो.

खाद्यपदार्थांस पांढरेपणा आणणाऱ्या टिटॅनियम डायऑक्साइडवर युरोपने २०२२ साली बंदी घातली आणि त्याच वर्षी जून महिन्यात कॅनडाच्या आरोग्य खात्याने उपलब्ध पुराव्यावरून मानवी आरोग्यास धोका असल्याचे निर्णायकपणे दिसत नाही असा अभिप्राय दिला, हे वाचून बुचकळ्यात पडणाऱ्या वाचकास हे सांगितले पाहिजे की, दोन्ही पक्षांसमोरचे प्रबंध बहुतांशी तेच होते. भेद होता तो संशयाचा फायदा कोणास द्यावा याविषयी. युरोपने तो खाणाऱ्यास दिला. माझा कल युरोपकडे आहे, कारण गोळ्या-बिस्किटांच्या शुभ्रतेवाचून कोणाचे अडत नाही; औषधाच्या बाबतीत मी कदाचित निराळा कौल दिला असता.

शेवटी ज्यांच्यासाठी हे पुस्तक विशेषेकरून लिहिले, त्यांच्याविषयी. एडमंटनला अल्बर्टा विद्यापीठाच्या आवारात २००१ साली नॅनोतंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली; वॉटर्लू विद्यापीठाने २००५ साली या विषयाची पदवीच सुरू केली; आणि पुणे, नागपूर, मुंबई येथून रसायनशास्त्र वा अभियांत्रिकी शिकून निघालेली आपली मुलेमुली आज त्या देशातील अशा प्रयोगशाळांतून काम करीत आहेत. नव्या कणाचा पहिला श्वास ग्राहक घेत नाही, मासाही घेत नाही. तो घेतो तराजूपाशी बसलेला विद्यार्थी. कोरडी भुकटी तोलताना ती स्थिरविद्युतेने चमच्यास चिकटते, झटकली की उडते, आणि धूळ ओढून नेणाऱ्या हवेच्या झोताने काटा थरथरतो म्हणून घटकाभर झोत बंद करण्याचा मोह अनावर होतो. ज्या क्षणी संरक्षण सर्वाधिक हवे नेमक्या त्याच क्षणी ते काढून घेतले जाते. माँट्रियलच्या रोबेर-सोव्हे संस्थेने, जी कामाच्या जागेवरील आरोग्य व सुरक्षितता यांवर संशोधन करते, या धोक्यांचा २००६ साली आढावा घेतला आणि २००९ साली हाताळणीची एक मार्गदर्शिका काढली, तिचे धोरण मला अनुकरणीय वाटते: विषारीपणा पुरता ठाऊक नसेल तर तो आहे असे धरून चालावे, भुकटी शक्य तर द्रवात भिजवूनच हाताळावी, बंदिस्त पेटीत तोलावी, सांडल्यास झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावे.

यात अवघड असे काहीच नाही. अवघड असते ते विचारणे. नव्या देशात, पहिल्या सत्रात, ज्याच्या सहीवर शिष्यवृत्ती आणि परवाना अवलंबून आहे त्या प्राध्यापकास, झोत चालू ठेवू काय, असे विचारण्यास आपल्या भिडस्त मुलास जीभ रेटत नाही, हे मी जाणतो. म्हणून प्रश्न कागदास विचारावा. कॅनडात घातक द्रव्याबरोबर त्याचे सुरक्षापत्रक देण्याची पद्धत १९८८ पासून कायद्याने रूढ आहे, आणि ते वाचावयास मागणे यात कोणाचा उपमर्द होत नाही. त्या पत्रकात हवेतील मर्यादेचे कलम काढावे आणि तेथील आकडा कोणत्या द्रव्याचा आहे ते पाहावे. कार्बन-नलिकांच्या पत्रकावर ग्रॅफाइटची मर्यादा, दर घनमीटरला दोन मिलिग्रॅम, उतरवून दिलेली आढळते. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने २०१३ साली नलिकांसाठी शिफारस केलेली मर्यादा एक मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे तिच्या दोनहजारांश. आपल्या हाती असे पत्रक आले तर ते नम्रपणे परत करावे, नलिकांचा आकडा मागावा, आणि तो येईपर्यंत बाटलीचे बूच उघडू नये.